दावीदची मांडी

"हा माणूस उभा कसा आहे?" पप्पांनी विचारलं.

हातातली भाजीची पिशवी खाली न ठेवताच ते जेवणाच्या टेबलाशी येऊन थांबले होते. टेबलावर मी काढलेला खिंडीचा नकाशा होता, चार फासे होते, शत्रू म्हणून मांडलेले चिंचोके होते आणि त्यांच्यासमोर इरफानचा सर्जेराव म्हणून सितारीची एक खुंटी उभी होती.

"कोण माणूस, काका?" इरफान म्हणाला.

"तुझा. कुऱ्हाड खांद्यात बसली म्हणाली ना रिबेका? आणि तू लगेच म्हणालास, पुढे होऊन वार करतो. कुठल्या हाताने करतोस?"

इरफानने समोरच्या कागदावर बोट ठेवलं. "माझे अजून अकरा प्राण शिल्लक आहेत."

"असू देत की. मी हात विचारला."

"उजवा."

"कुऱ्हाड कुठल्या खांद्यात?"

इरफानने माझ्याकडे पाहिलं. मी ते ठरवलंच नव्हतं. "उजव्या," मी म्हणाले.

"मग तो हात वर जाणार नाही," पप्पा म्हणाले. पिशवी घेऊन ते स्वयंपाकघरात गेले आणि तिथून त्यांचा आवाज आला. "इथपर्यंतसुद्धा नाही." कुठपर्यंत ते आम्हाला दिसलं नाही.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पुण्यात एका कोशाच्या कार्यालयात नोंदी लिहायचे आणि उरलेल्या वेळात एक खेळ तयार करत होते. त्याचं नाव 'खिंड'. प्रत्येकाने एका लढवय्याची भूमिका घ्यायची, एकाने सूत्रधार होऊन गोष्ट पुढे न्यायची, आणि वार बसला की हुकला ते फासे ठरवणार. सुरुवातीला प्रत्येकाला वीस प्राण. वार बसला की त्यातले काही जायचे. पुण्यातले हर्डीकर नावाचे एक गृहस्थ असे खेळ छापत. त्यांना 'खिंड' आवडला होता, पण एक गोष्ट खटकली होती. त्यांनी लिहिलं होतं, "तुमच्या खेळात एक प्राण उरेपर्यंत माणूस धडधाकट असतो आणि शून्यावर आला की तत्क्षणी मरतो. मधलं काहीच नाही. दुखापतीचे नियम लिहा, मग छापू."

बाकीची चाळीस पानं मी तीन महिन्यांत लिहिली होती. हे एक पान पाच महिने होत नव्हतं. आता हर्डीकर रविवारी सांगलीला एका लग्नाला येणार होते. तिथून दुपारी मिरजेला आमच्या घरी येऊन खेळ खेळून बघणार आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार. तेव्हाही ते पान तयार नसेल तर यंदा ते दुसऱ्या कुणाचा खेळ घेतील, हे त्यांनी अतिशय सभ्य शब्दांत कळवलं होतं. म्हणून मी शनिवारी सकाळी मिरजेत उतरले आणि शाळेपासूनचा मित्र इरफान याला त्याच्या सितारीच्या कारखान्यातून उचलून आणलं.

आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. घरात पप्पा एकटे असत.

पप्पांनी मिशनच्या दवाखान्यात चौतीस वर्षं प्लास्टररूममध्ये काम केलं होतं. डॉक्टर हाड बसवायचे, पप्पा त्यावर प्लास्टर घालायचे. त्यामुळे अर्धी मिरज त्यांना ओळखायची, पण ते कुणाला नावाने ओळखत नसत. बाजारात कुणी नमस्कार केला की ते क्षणभर त्याच्या चालीकडे बघत आणि मग त्यांचा चेहरा उजळे. "घोटा," ते मला हळूच सांगत. "एकोणनव्वद साल. पावसात मोटरसायकलवरून." एकदा एका नगरसेवकाची ओळख त्यांनी मला "डावी कॉलरबोन" अशी करून दिली होती, आणि नगरसेवकांनी अभिमानाने मान डोलावली होती.

भाजी ठेवून ते परत आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बघू तुझे नियम."

मी आदल्या रात्री गाडीत खरडलेला तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. मोठा वार बसला की दोन फासे टाकायचे आणि बेरजेप्रमाणे दुखापत घ्यायची. सातला खरचटणं. नऊला मनगट, म्हणजे दोन फेऱ्या प्रत्येक फाशातून एक वजा. अकराला नडगी. बाराला मांडीचं हाड, म्हणजे दोन फेऱ्या बाद. खाली लिहिलं होतं : वैद्याचा काढा घेतल्यास सर्व दुखापती तत्काळ बऱ्या.

पप्पांनी चष्मा लावून तक्ता दोनदा वाचला.

"या काढ्याची कृती मला पाहिजे," ते म्हणाले. "आमचे मोठे डॉक्टर उगाच राबले आयुष्यभर."

"पप्पा, खेळ आहे तो."

"फेरी म्हणजे किती वेळ?"

"साधारण दहा सेकंद."

"मांडीचं हाड वीस सेकंदांत." त्यांनी चष्मा काढला. "रिबेका, असं बाहेर कुणाला सांगू नकोस. माझी ओळख आहे गावात."

मग त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून स्वतःचा तक्ता लिहिला. मनगट, सहा आठवडे. नडगी, तीन महिने. मांडी, तीन महिने आणि नंतर काठी. खांदा निखळला असल्यास आधी बसवा, मग बोलू.

इरफानने तो वाचून हिशेब केला. "म्हणजे काका, खिंड लढवायला उतरलेली तुकडी अख्खा पावसाळा खिंडीतच आडवी होणार."

"शत्रूचीही मोडली असतील ना हाडं?"

"मोडली असतील."

"मग तेही आडवे."

"मग लढाई कोण करणार?"

"नाही होणार लढाई," पप्पा म्हणाले. "थांबेल. बरंच झालं."

इरफान इतका हसला की सर्जेराव आडवा झाला. मला हसू आलं नाही. माझ्या हातात चोवीस तास होते आणि माझे वडील माझ्या युद्धाचा दवाखाना करत होते. मी म्हणाले, पप्पा, उद्या पाहुणे येतील तेव्हा तुम्ही कृपा करून आत बसा. ते बरं म्हणाले. ते लगेच बरं म्हणाले की मला नेहमी काळजी वाटायची.

रविवारी सकाळी चौथा खेळाडू, म्हणजे इरफानचा चुलतभाऊ, तापाने पडला. दोघांत खिंड लढवता येत नाही; निदान तिघं लागतात. इरफानने मला काही न विचारता आत जाऊन पप्पांना बाहेर आणलं. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला होता. ते तयारच बसले होते असं मला अजून वाटतं.

हर्डीकर दोन वाजता आले. पन्नाशीचे, भरघोस मिशांचे, अंगात रेशमी झब्बा आणि केसांत अक्षता. जेवण जड झालं होतं, पण खेळाचा कागद हातात आल्याबरोबर सरळ बसले. त्यांना धनुष्यबाण हवा होता म्हणून त्यांनी मैनावती घेतली. इरफानचा सर्जेराव होताच. पप्पांना भालाईत आला.

"तुमच्या माणसाचं नाव काय, पप्पा?"

"डेव्हिड."

"सतराव्या शतकातला मावळातला भालाईत आहे तो."

पप्पांनी विचार केला आणि मराठी बायबलातलं रूप काढलं. "मग दावीद."

"चालेल की," हर्डीकर म्हणाले. "नियमात कुठे मनाई आहे?"

मी गोष्ट सुरू केली. तीन जणांनी संध्याकाळपर्यंत खिंड धरून ठेवायची. वरून शत्रूच्या तीन लाटा येणार. पहिल्याच लाटेत एका धिप्पाड गदाधाऱ्याने दावीदवर मोठा वार केला. पप्पांनी फासे टाकले. सहा आणि सहा.

"मांडीचं हाड," मी म्हणाले. "दावीद दोन फेऱ्या बाद."

पप्पांनी मान हलवली आणि दावीदची खुंटी हलक्या हाताने आडवी केली. दोन फेऱ्या झाल्या. सर्जेरावने दोघांना लोळवलं, मैनावतीने एकाला.

"पप्पा, दोन फेऱ्या झाल्या. दावीद उठला."

"नाही उठला."

"नियम आहे, पप्पा."

"मांडी मोडली आहे." पप्पा हर्डीकरांकडे वळले. "साहेब, मांडी मोडलेला माणूस तुम्ही पाहिलाय?"

"नाही पाहिला."

"तो तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. छताकडे बघतो."

"खिंडीत छत नाही, काका," इरफान म्हणाला.

"मग आभाळाकडे."

मी हर्डीकरांची क्षमा मागितली. पण त्यांना मजा वाटायला लागली होती. "मग दावीदचं करायचं काय?" त्यांनी पप्पांनाच विचारलं. पप्पा म्हणाले, भाला मोडा, त्याच्या दोन फळ्या करा, पाय सरळ ठेवून बांधा, आणि हलवताना दोघांनी धरा, एकट्याने ओढू नका. सर्जेराव आणि मैनावती यांनी आपापला डाव खर्च करून दावीदला एका खडकामागे नेलं. तोवर दुसरी लाट आली. खिंडीत कुणीच नव्हतं म्हणून शत्रू अर्ध्या वाटेपर्यंत खाली उतरला. माझ्या सगळ्या आकडेमोडीचं मातेरं झालं.

दुसऱ्या लाटेत मैनावतीच्या उजव्या मनगटावर वार बसला. फाशांची बेरीज नऊ.

"दोन फेऱ्या एक वजा," हर्डीकर समजूतदारपणे म्हणाले. "ठीक आहे. चालेल."

"काय चालेल?" पप्पा म्हणाले.

"प्रत्येक फाशातून एक वजा," हर्डीकर म्हणाले. "ही सर्वमान्य पद्धत आहे. जगभर असंच करतात."

"मोडलेल्या मनगटाने धनुष्य ओढायचं आणि एक वजा."

"हो."

"हात पुढे करा," पप्पा म्हणाले.

हे वाक्य त्यांनी चौतीस वर्षांत किती हजार वेळा म्हटलं असेल कोण जाणे. ते ऐकल्यावर माणूस हात पुढे करतो. हर्डीकरांनी केला. पप्पांनी झब्ब्याची बाही कोपराच्या वर दुमडली, आत गेले आणि परात भरून पाणी, कापसाचं बंडल आणि प्लास्टरच्या तीन पट्ट्या घेऊन आले. नाताळच्या देखाव्यातले डोंगर करायला ते अशा पट्ट्या घरी ठेवत. बेथलेहेमच्या आमच्या टेकड्या गावात सगळ्यांत टणक असत.

"पप्पा, नको," मी म्हणाले.

"फक्त दाखवतोय."

आणि खरोखर, त्यांना थांबवायचं मलाही सुचेना. ते काम करताना मी त्यांना खूप वर्षांनी पाहत होते. आधी कापसाचा थर, न ओढता. मग पट्टी पाण्यात, बुडबुडे थांबेपर्यंत. मग हलकं पिळून, बोटांच्या मुळापासून कोपराकडे, प्रत्येक फेरा आधीच्याला अर्धा झाकत. शेवटी तळव्याने गुळगुळीत करताना ते पेशंटशी बोलत, तसे हर्डीकरांशी बोलले. "गरम लागेल थोडं. घाबरू नका. लग्न कुणाचं होतं?"

"बायकोच्या मावसभावाच्या मुलीचं," हर्डीकर म्हणाले.

दहा मिनिटांत हात पांढरा आणि दगडासारखा झाला. पप्पांनी माझी ओढणी घेऊन तो गळ्यात अडकवला. "आता टाका फासे," ते म्हणाले.

हर्डीकरांनी डाव्या हाताने टाकले. एक फासा चहात पडला, दुसरा फ्रिजखाली गेला. इरफान फूटपट्टी घेऊन जमिनीवर आडवा झाला. दुसऱ्या खेपेला फासे नकाशावर पडले, पण त्यांनी तीन चिंचोके आणि खुद्द मैनावतीला उडवलं. मग हर्डीकरांनी बिस्किट चहात बुडवायला बशी पुढे ओढली आणि थांबले. एका हातात बशी धरली की बिस्किटाला हात उरत नव्हता.

पप्पांनी काही न विचारता बिस्किट बुडवून त्यांच्यापुढे धरलं. ते त्यांनी खाल्लं. मग पप्पांनी फासे उचलले, हर्डीकरांच्या तोंडाकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि पप्पांनी त्यांच्या वतीने टाकले. दोन आणि एक.

"मी टाकले असते तर सहा आले असते," हर्डीकर म्हणाले.

"असते," पप्पा म्हणाले.

"तुम्ही नीट हलवलेच नाहीत."

"पुढच्या वेळी हलवीन."

हर्डीकर थोडा वेळ फाशांकडे बघत बसले. मग माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज बदलला होता. "बाई, वजा काढून टाका. तक्ता नको. जखमी माणसाचे फासे दुसऱ्याने टाकायचे. आणि जो टाकेल त्याने आपला डाव सोडायचा. एवढाच नियम. करून बघू तिसऱ्या लाटेला."

"आणि ज्याचे फासे कुणीच टाकले नाहीत?" इरफानने विचारलं.

"त्याचे दर फेरीला प्राण जाणार. किती ते ह्या ठरवतील."

मी कागदावर लिहिलं : दर फेरीला पाच. दावीदचे तेव्हा सात उरले होते.

तिसरी लाट आली. साध्या वजाबाकीतही दिसत होतं की हे जमणार नाही. दोन जखमी आणि एक धड. सर्जेरावने मैनावतीचे फासे टाकले तर निदान बाण सुटतील. दावीदचे टाकले तर दावीद जगेल. स्वतःचे टाकले तर खिंड थोडा वेळ टिकेल. इरफान फासे मुठीत घेऊन बसला होता. तो कारखान्यात सितारीचा भोपळा कापायच्या आधी असाच बसतो. एकदा करवत लावली की भोपळा परत जोडता येत नाही.

पहिली फेरी त्याने मैनावतीला दिली. दावीदचे पाच प्राण गेले. दोन उरले.

"काका, आता तुमचे टाकतो," इरफान म्हणाला.

"मला कशाला?" पप्पा दुसरं बिस्किट बुडवत होते. "तुम्ही जा. उगाच उशीर होईल. माझं काय, मी आहे इथे."

ते खेळातलं म्हणत होते. त्यांना दुसरं काही म्हणायचं नव्हतं, हे मी तेव्हाही जाणत होते. पण ते वाक्य मी त्या घरात चौदा महिने, दर रविवारी, ह्याच वेळेला ऐकलं होतं. म्हणणारं माणूस वेगळं होतं, आणि ते आतल्या खोलीत पलंगावर होतं. मी पिशवी खांद्याला लावून दारात उभी असायची. जा, गाडी चुकेल. मी जात असे. गाडी एकदाही चुकली नाही. आई गेली ती बुधवारी.

सगळे माझ्याकडे बघत होते. सूत्रधाराने आता सांगायचं असतं. दावीदचे दोन प्राण, वजा पाच. चाळीस पानांत अशा प्रसंगासाठी मी एक छान वाक्य लिहून ठेवलं होतं. ते समोर उघडंच होतं.

"मी थांबते," मी म्हणाले.

"तू कुठे थांबतेस?" इरफान म्हणाला. "तू सूत्रधार आहेस. तू त्या खिंडीत नाहीस."

"आहे."

"कधीपासून?"

"सकाळपासून. सरपण गोळा करायला आले होते."

हर्डीकरांनी मिशीवरून डावा हात फिरवला. "हत्यार?"

"मोळी."

"प्राण?"

"ते बघू नंतर," मी म्हणाले आणि इरफानच्या मुठीतून दोन फासे काढून घेतले.

मी टेबलाला वळसा घालून पप्पांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले आणि दावीदचे फासे टाकले. एक आणि एक.

"हे काय टाकलंस?" पप्पा म्हणाले.

"पडले तसे."

"मनगटातून टाक. सगळा हात कशाला हलवतेस?"

पुढच्या सहा फेऱ्या मी त्यांचे फासे टाकत होते आणि ते माझं काय चुकतंय ते सांगत होते. सर्जेराव आणि मैनावती खिंडीच्या तोंडाशी शौर्याने पराभूत झाले. शत्रू मोळीवालीला आणि खडकामागच्या आडव्या माणसाला ओलांडून निघून गेला. त्यांच्यात कुणाला रस नव्हता.

"खिंड गेली," हर्डीकर म्हणाले.

"मांडी सांधेल," पप्पा म्हणाले.

मग हर्डीकरांनी घड्याळ पाहिलं. गाडीला सव्वा तास होता. "आता हे काढा," ते हात पुढे करून म्हणाले.

पप्पा उरलेला कापूस गुंडाळायला लागले.

"पप्पा, काढा ना."

"घालायचं काम माझं," पप्पा म्हणाले. "काढायचं सदोबाकडे असायचं. पलीकडच्या खोलीत. मशीन त्याच्याकडे."

"चौतीस वर्षांत तुम्ही एकही काढलं नाही?"

"वेळ कुठे होता? इकडे रांग असायची."

"सदोबा कुठे असतात?" हर्डीकरांनी विचारलं.

"गडहिंग्लजला. मुलाकडे."

इरफानने घसा साफ केला. "सर, माझ्याकडे बारीक दातांची करवत आहे. भोपळ्याला लावतो ती. केसभरही इकडेतिकडे जात नाही."

"नको," हर्डीकर म्हणाले. रेशमी झब्बा, अक्षता आणि गळ्यात माझी लाल ओढणी अशा अवस्थेत त्यांनी फार प्रतिष्ठेने नकार दिला.

शेवटी कोमट पाणी आणि व्हिनेगर. हात परातीत बुडवून हर्डीकर खुर्चीत बसले, पप्पा समोर स्टुलावर, आणि पट्टी इंच इंच मऊ करून उलटी सोडवत राहिले. सगळ्या घराला लोणच्याचा वास सुटला. मधेच हर्डीकरांचं नाक खाजलं आणि पप्पांनी आपल्या ओल्या हाताच्या मागच्या बाजूने ते खाजवून दिलं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

"छापतो," हर्डीकर परातीकडे बघत म्हणाले. "पण ते पान मला उद्या दुपारपर्यंत पाहिजे. आणि ती सरपणवाली कुठून आली? ते नियमात बसवा. कुठूनही कुणीही उपटलं असं चालणार नाही."

"बसवते," मी म्हणाले.

इरफान त्यांना स्कूटरवर घेऊन गेला. त्यांच्या हाताच्या केसांत पांढरे कण तसेच होते. मीही त्याच गाडीने पुण्याला जाणार होते. पिशवी भरलेली होती. गेले नाही. कोशाच्या कार्यालयाला निरोप दिला आणि टेबलावरचे चिंचोके बाजूला करून लिहायला बसले. पप्पा परात घासत होते.

पाच महिने न झालेलं पान अर्ध्या तासात झालं. जखमी खेळाडूचे फासे दुसऱ्याने टाकावेत. टाकणाऱ्याने आपला डाव सोडावा. सूत्रधारालाही, इच्छा असल्यास, गोष्टीत उतरून हे करता येईल. मात्र त्यानंतर त्याने हत्यार उचलू नये. मी ते पप्पांना वाचून दाखवलं. ते बरं म्हणाले.

"पप्पा, हर्डीकरांचे फासे तुम्ही एकदम उचललेत. कुणी सांगितलं नव्हतं."

"सवय होती," ते म्हणाले.

"कसली?"

त्यांनी परात पालथी घातली आणि हात पुसत येऊन बसले. "शेवटी शेवटी तुझ्या आईचा हात उचलत नव्हता ना. मग पत्ते मीच टाकायचो. माझे माझ्या हातात, तिचे उशीला टेकवून. ती डोळ्यांनी दाखवायची, हे टाक. मी टाकायचो."

आई पत्ते खेळायची हे मला माहीत नव्हतं. शनिवार-रविवारी आम्ही औषधांबद्दल बोलायचो.

"म्हणजे तुम्हाला तिचे सगळे पत्ते दिसायचे."

"दिसायचे. तरी जिंकायची."

मी पेनाला टोपण लावलं. मग आठ महिने विचारायचं राहिलेलं विचारलं. "बुधवारी कोण होतं तिच्याजवळ?"

"मी होतो की. डाव चालू होता." पप्पांनी टेबलावरचा एक चिंचोका उचलून फाशांच्या डबीत टाकला. "माझ्यावर चिडली होती. म्हणाली, हे पान मी सांगितलं नव्हतं. तू मुद्दाम दुसरं टाकलंस."

"मुद्दाम टाकलं होतंत?"

"मधूनमधून टाकायचो."

"का, पप्पा?"

"भांडली की दोन घास जास्त खायची."

ते उठले आणि भाजी चिरायला आत गेले. मी पान परत समोर ओढलं. पप्पा आता नाहीत. येत्या जूनमध्ये दोन वर्षं होतील. 'खिंड'ची चौथी आवृत्ती निघाली आहे, आणि खेळणारे मला पत्रं लिहून विचारतात की दुखापतीच्या पानावरच्या शेवटच्या नियमाचा उपयोग काय, कारण त्याने ना प्राण वाढतात ना कमी होतात. हर्डीकरांनी तो काढावा असं कधी सुचवलं नाही. मी तो त्या संध्याकाळी, आत विळीचा आवाज येत असताना लिहिला : 'दुसऱ्याने टाकलेल्या फाशांबद्दल तक्रार करण्याचा जखमी खेळाडूला पूर्ण अधिकार आहे, आणि टाकणाऱ्याने ती शेवटपर्यंत ऐकून घ्यावी.'